अपुरा गोल

"दार तोडा!" मी संडासातून ओरडलो. कडी अडकली होती आणि माझ्या नोकरीच्या मुलाखतीची वेळ झाली होती.

"तोडायचं का, ते गोलात ठरेल," प्राचार्य हेमलताताई म्हणाल्या.

आमच्या समाजकार्य महाविद्यालयाची ही पहिल्या दिवसापासूनची रीत. तेव्हा कडुनिंबाखाली मूठभर पोरं गोल करून बसायची, प्रत्येकजण बोलायचा, मगच काही ठरायचं. पुढे इमारती वाढल्या, विद्यार्थी हजारावर गेले, गोल मात्र एकच राहिला. हल्ली तो फाटकाबाहेर पडतो आणि वडापावच्या गाडीला वळसा घालून परत येतो.

"मग बसा की पटापट!"

"बसलोय रे. एक जण कमी आहे."

"कोण?"

"तू."

मी दारावर डोकं आपटलं. शेवटी गोल संडासाभोवती बसला. वडापाववाल्यानेही सविस्तर मत मांडलं. बाहेरून अनोळखी बाईंचा आवाज आला. "मी मुलाखत घ्यायला आले होते, मलाही बसवलंय. इथूनच विचारते. सर्वांना विचारून निर्णय घेण्यावर तुमचा विश्वास आहे?"

मी कडीकडे पाहिलं. नोकरी हवी होती.

"पूर्ण," मी म्हणालो. "पुढच्यांना बोलू द्या."