डाव्या कोपऱ्यातला डाग

चाकूच्या टोकावर पुट्टी तयार होती. खालच्या डाव्या कोपऱ्यातला डाग बुजवला की काम संपलं. पण तिचा हात थबकला. जुनी चित्रं दुरुस्त करण्यात तिची निम्मी हयात गेलेली, डागांचं काय कौतुक? हा मात्र ओळखीचा वाटला. तिच्या घरी फ्रिजच्या दारावर असलेच डाग उठत. रंग ओला असताना कुण्या चिमुरड्याने अंगठा टेकवला होता.

संग्रहालयाचे साहेब मागेच उभे. उद्या प्रदर्शन, त्यामुळे त्यांचा जीव टांगणीला. त्यांनी तिला समजावलं, की या थोर चित्रकाराच्या खोलीत बायको-मुलीला पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्या खोलीचं कुलूपसुद्धा बाहेर काचेच्या पेटीत मांडलंय. पोराचा अंगठा येणार कुठून? आधीच्या लोकांनी बाकीच्या चित्रांवरचे डाग मुकाट बुजवले, तिनेही बुजवावा.

"बाकीच्या चित्रांवर? कुठे?"

"याच कोपऱ्यात," साहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणता स्वतःच घुटमळले.

झालं! तिने ती चित्रं मागवली. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण मागवली. ओल्या कापसाने जुनी पुट्टी हळूहळू सुटत गेली. प्रत्येकीखाली अंगठा. सगळ्यात जुन्या चित्रावर शेंगदाण्याएवढा, पुढच्यावर जरा थोराड. साल पुढे जाई तसा अंगठा वाढत होता. ही चित्रं त्या कुलपाआड रंगलीच नव्हती. पोरगी जिच्या पायाशी खेळत वाढली, त्या आईनेच ती रंगवली होती.

"पाटीवर चित्रकाराच्या बायकोचं नाव यायला हवं," ती म्हणाली.

साहेब हळूच म्हणाले, "मलाही पटतंय हो. पण उजवीकडे सही त्यांची आहे. तिची सही दाखवा, आत्ता पाटी बदलतो."

ऐंशी वर्षांपूर्वी, स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकवलेलं चित्र पुरं झालं होतं. संध्याकाळी नवरा ते आपल्या खोलीत नेणार आणि झोकात सही ठोकणार, हे ठरलेलंच. बायकांची चित्रं घेतंय कोण, असं त्याचं म्हणणं. चित्रकाराच्या बायकोने ब्रश पुसला, लेकीला जवळ ओढलं आणि तिचा अंगठा रंगात बुडवला. स्वतःचा उठवला तर नवरा पुसून टाकणार. पोरीचा दिसला तर खोडी म्हणून चार शब्द सुनावणार आणि विसरणार.

पोरगी कुरकुरली. दरवेळी बोलणी तिलाच बसत. "आई, तुला इतकं छान लिहिता येतं. तू तुझी सही का नाही करत?"

आईने तो इवलासा अंगठा डाव्या कोपऱ्यात नीट दाबला.

"ज्यांना सही करता येत नाही, बाळा, त्यांचा अंगठाच सही म्हणून धरतात."