ही बाई काढ

लेकीची खोली वाढवायची म्हणून मी आमच्याच घराचं मॉडेल कॉम्प्युटरवर उभं केलं होतं. भिंती, खिडकी, पलंग. माणूस एकही नाही.

स्क्रीनशॉट काढला, तर खिडकीपाशी एक बाई पाठमोरी उभी. मॉडेल फिरवून पाहिलं, खोली रिकामीच. पुन्हा स्क्रीनशॉट काढला. बाई पलंगापर्यंत आली होती.

माझ्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनचा आगाऊपणा, दुसरं काय! मी तिच्याभोवती लाल गोल केला, शेजारी लिहिलं, "ही बाई काढ," आणि त्याला पाठवून दिलं.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला. "काढली, ताई."

"गेली ना एकदाची?"

"गेली? अहो, तुमच्या गोलात कोणीच नव्हतं. मला वाटलं, तिथे बाईचं चित्र काढायचंय. पलंगावर बसवलीय. चालेल ना?"

मी ओरडले, "पुसून टाक तिला, आत्ताच्या आत्ता!"

पलीकडून कीबोर्डची खटखट ऐकू आली. "तेच करतोय, ताई. ती पुसलीच जात नाहीये."

तेवढ्यात खोलीतून लेकीचा वैतागलेला आवाज आला, "आई, ह्या मावशींना जरा सरकायला सांग ना. मला पलंगावर जागाच नाही."