बिननावाचा परीक्षक

दुष्काळातही तग धरणाऱ्या ज्वारीवरचा देशमाने सरांचा शोधनिबंध नियतकालिकाकडे जाऊन चौदा महिने झाले, तरी तो तपासणाऱ्या परीक्षकाचा निकाल येईना. निबंध छापला तरच बियाणं वाटायची परवानगी मिळणार होती. ज्यांच्या चकलांब्यातल्या शेतात प्रयोग झाला, ते सोसायटीचे चेअरमन त्रिंबकराव रोज छळत. "परीक्षकाचं नाव सांगा सर, आत्ता फोन लावतो." "नाव गुप्त असतं." "मानधन?" "नसतं." चेअरमन हबकले. "नाव न्हाई, मानधन न्हाई, मंग माणूस हे काम करतो कावून?" इतरांचे निबंध असेच फुकट तपासणाऱ्या सरांना हल्ली स्वतःबद्दल हाच प्रश्न पडे. तेवढ्यात मोबाइलवर निकालाचं पत्र आलं. सरांनी मराठीत सांगितलं, "निष्कर्ष पटले. मात्र हाच प्रयोग दुष्काळ नसलेल्या वर्षीही करून दाखवावा." चेअरमननी मान डोलावत विचारलं, "तसं साल कवा येणार, तेबी लिव्हलंय का?" सरांनी पत्र पुन्हा वाचलं. लिहिलेलं नव्हतं.