बाळंतिणीची खोली

"याच खिडकीपाशी बसून आईसाहेब बाळराजांना पाजायच्या," गाईड गहिवरून म्हणाला. कृष्णाकाठचे घाट, देवळं पाहून सरदारांच्या वाड्यात आलेल्या सगळ्यांनी हात जोडले. तेवढ्यात शर्वाणीच्या खांद्यावरचं तान्हं भुकेनं किंचाळलं.

"ताई, इथं पाजायचं नाही. ऐतिहासिक खोली आहे. गाडीत जा."

"गाडी नदीपलीकडं आहे, दादा. तोवर हा रडून निळा होईल."

"नियम आहे!"

सगळे पुढच्या दालनात गेले. शर्वाणी मात्र खिडकीपाशी टेकली, पदर ओढला. इवल्या मुठीत तिचं मंगळसूत्र धरून बाळ शांत झालं.

दारात पर्यटकांची दुसरी तुकडी उभी राहिली. "अगंबाई, काय हुबेहूब देखावा उभा केलाय!" एका आजींनी चक्क वाकून नमस्कार केला.

गाईड धावत आला, तिच्या कानाशी वाकला.

"ताई, तिसरी तुकडी येईपर्यंत उठू नका हं."