भाऊंचा फ्लेक्स

अंगणवाडीच्या उघड्या फरशीवर पोरं थंडीनं काकडायची. सतरंजीला पैसे नव्हते, म्हणून मंजुषाबाईंनी भाऊंच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा अंथरला. वरच्या पांढऱ्या बाजूवर ऑइलपेंटनं मोर काढला, कांद्याचा ट्रॅक्टर काढला. पोरं त्यावर लोळायला लागली.

भाऊंचा माणूस वाल्मीक आला, त्यानं कोपरा उचलून पाहिला आणि बाईंच्या कानाखाली जाळ काढला.

"भाऊंच्या तोंडावर पोरं मुतवती का गं?"

"गटारीत पडलेला, तो धुऊन आणला," बाई म्हणाल्या.

त्यानं झिंज्या धरून त्यांना पोरांसमोर बाहेर ओढलं, लाथा घातल्या आणि फ्लेक्स घेऊन गेला. अख्खी गल्ली दारात उभी राहून बघत होती. एक मायचा लाल पुढं आला नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांनी अंगणवाडी-अंगणवाडी खेळायला घेतलं. सगळ्यांनाच वाल्मीक व्हायचं होतं. बाई व्हायला एकही पोरगी तयार होईना. सुजल्या तोंडानं मंजुषाबाई नुसत्या बघत राहिल्या.

शेवटी चार वर्षांची सायली उठली. तिनं खिचडीचा डाव दोन्ही हातांनी उचलला.

"मी होते बाई. या आता, कोण येतं ते."