जाड आवाजातली प्रार्थना

शमुवेल डबा घेऊन दवाखान्याच्या खोलीत शिरला, तोच आईने खाटेवरूनच हात जोडले. "या पाळकसाहेब. माझ्या शमुवेलसाठी प्रार्थना करा."

तिच्या एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती, दुसरा मोतीबिंदूने भरलेला. कॉलेजात फिजिक्स शिकवणारा शमुवेल तीन वर्षं चर्चची पायरी चढला नव्हता. वर ऐकणारं कोणी नाही, असं त्याने तिला तोंडावर सांगितलं होतं. 'आई, मी आहे,' एवढंच आता म्हणायचं होतं. पण तिने जोडलेले हात खाली घेतले नव्हते.

तो स्टुलावर बसला आणि त्याने आवाज जरा जाड केला. "प्रभू, या मुलाचे प्रश्न खरे आहेत. उत्तरं तुझ्या सवडीने दे. पण तो उपासनेला येत नाही म्हणजे आपल्यालाही दुरावला, असं त्याच्या आईला वाटतं. तसं नाही, एवढं तिला कळू दे."

"आमेन," आई म्हणाली आणि चाचपडत तिने त्याचं डोकं जवळ ओढलं. "कळलं रे, शमू. आता डबा उघड. पाळकसाहेब तर सकाळीच येऊन गेले."