परमुलूख

नारळ लवूच्या हातात होता, विडा पाटावर मांडला होता, आणि अप्पा तुळशीसमोर उभे राहून नातीला शिकवत होते.

"गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे मोठ्यानं केलेलं मागणं. मी एकेक मागत जाईन. 'रे म्हाराजा' म्हणून थांबलो, की सगळ्यांनी म्हणायचं, 'होय म्हाराजा'. जमेल?"

"होय म्हाराजा," गौरजा म्हणाली.

शेजारचा लवू पोरीकडे बघून हसला. "चेडू तयार आसा, मास्तरांनू."

"पण मागितलेलं कळलंच नाही तर?" गौरजानं विचारलं.

"तर होय म्हणायचं नाही. विचारायचं." शाळेतल्या प्रत्येक पोराला अप्पांनी हेच सांगितलं होतं. कळल्याशिवाय मान डोलवू नये.

मुलगा विश्वेश, सून अक्षया आणि गौरजा ऑकलंडहून निघून, विमानं बदलत, शेवटी रेल्वेनं पहाटे कुडाळला उतरली होती. तान्ही असताना एकदा आलेली गौरजा आता दुसरीत होती. घरासमोरच्या शेणानं सारवलेल्या खळ्यात पाय ठेवण्याआधी तिनं नुसता अंगठा टेकवून बघितला होता. मग घर आतून-बाहेरून बघून "छान आहे तुमचं घर" असं म्हणाली होती, पाहुण्यानं म्हणावं तसं. अप्पांना ते बारीक काट्यासारखं लागलं होतं. परत जायच्या आधी पोरीनं एकदा तरी 'आपलं घर' म्हणावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. घाई नव्हती. पाढेसुद्धा एका दिवसात पाठ होत नाहीत.

त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत, तेंच्यार नदर ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"काय चुकला-माकला असात तर पोटात घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." गौरजाचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. तिला मजा वाटू लागली होती.

"परमुलखात गेली हत ती पोरां सुखरूप घराक हाड रे म्हाराजा."

"होय म्ह..." गौरजाची आजी, माई, अर्ध्यातच थांबल्या. "अवो, ती हयच उभी आसत मा?"

लवूनं नारळ छातीशी धरून हसू दाबलं. अप्पाही ओशाळले. पोरांना घरी आण, हेच ते रोज तिन्हीसांजेला तुळशीकडे दिवा लावताना म्हणत. जीभ आपली सवयीनं तिकडे वळली. विश्वेश दर वर्षी त्यांना ऑकलंडला बोलावून थकला होता. "दिवो कोण लावतलो?" हे अप्पांचं ठरलेलं उत्तर. माईंचा पासपोर्ट तेवढा कपाटात साडीच्या घडीत कोरा पडला होता.

गौरजानं मात्र होय म्हटलं नव्हतं. तिनं वर्गात करतात तसा हात वर केला.

"परमुलूख म्हणजे काय?"

अप्पांना बरं वाटलं. पोरगी सांगितलेलं ऐकत होती. "आपलं घर सोडून खूप लांब, अनोळखी मुलूख. तिथलं पाणी वेगळं, बोलणं वेगळं."

गौरजानं विचार केला. विहिरीकडे बघितलं, लवूकडे बघितलं.

"म्हणजे हाच," ती म्हणाली. "मी आज परमुलखात आलेय."

"असं बोलू नये, गौरजा," विश्वेश पुढे झाला. "हे आपलंच घर आहे."

"जीब बघ चेडवाची," माई पुटपुटल्या.

अप्पा तुळशीकडे बघत राहिले. काटा आता चांगलाच आत गेला होता. पण बरोबर उत्तराला चूक म्हणायची सवय त्यांच्या हाताला कधीच नव्हती.

"तेका गप करू नको, विश्वेश," ते म्हणाले. "उत्तर बरोबर आसा."

आणि त्यांनी पुन्हा हात जोडले. या खेपेला शब्द शोधत, सावकाश.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडू आज परमुलखात इला आसा. हयचा पाणी तेका मानवांदे, हयची माणसां तेका आपली वाटांदेत. आणि रजा सरली की सुखरूप तेच्या घराक पोचव रे म्हाराजा."

माईंनी पदर तोंडाला लावला होता.

"म्हणजे माझं ऑकलंडचं घर ना?" गौरजानं विचारलं.

"होय."

"होय म्हाराजा," ती एकटीच, खणखणीत म्हणाली. मग हळूहळू बाकीचे म्हणाले.

लवूनं नारळ उचलला. "फोडू काय, मास्तरांनू?"

"थांबा," गौरजा म्हणाली. "मीपण एक मागू?"

अप्पांनी बाजूला सरून तिला आपली जागा दिली. ती त्यांच्यासारखीच पाय जुळवून उभी राहिली, डोळे घट्ट मिटून.

"बा देवा म्हाराजा, आजी-आजोबांना परमुलखात आण. त्यांच्या परमुलखात. म्हणजे आपल्या घरी. तिथलं पाणी त्यांना मानवू दे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," माई म्हणाल्या. एवढ्या चटकन, की लवूनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग तोही म्हणाला. विश्वेश म्हणाला, अक्षया म्हणाली.

अप्पांनी मात्र होय म्हटलं नव्हतं. 'आपलं घर' हे ऐकायचे होते ते शब्द त्यांना मिळाले होते, फक्त ते घर ऑकलंडचं होतं.

गौरजानं एक डोळा उघडून वर बघितलं.

"कळलं नाही का, आजोबा?" तिनं हळूच विचारलं. "मग विचारा ना."

लवू नारळ डोक्याच्या वर धरून थांबला होता. सगळ्यांचं होय झाल्याशिवाय नारळ फोडत नाहीत.